अरीनाला लेख, बंपला परिच्छेद

'बंप ॲलोकेटर' (ॲलोकेटर म्हणजे प्रोग्रामला मेमरी वाटून देणारा कोड) या विषयाला विकिपीडियासारख्या विश्वकोशात स्वतंत्र लेख हवा का? माझ्या मते नको. 'अरीना'ला हवा का? हवा. आता गोम अशी की बऱ्याच जणांना हे दोन्ही शब्द एकाच गोष्टीचे वाटतात, आणि म्हणूनच एक तर दोन्हींवर अर्धेमुर्धे लेख निघतात, नाहीतर दोन्ही उडवले जातात. म्हणून आधी यंत्रणा नीट पाहू, लेखाचं नंतर.

सी भाषेत मेमरी मागायची ती मॅलॉककडे आणि परत करायची ती फ्रीकडे. दिलेल्या प्रत्येक तुकड्याचा हिशेब मॅलॉकला ठेवावा लागतो, कारण कुठला तुकडा कधी परत येईल याचा नेम नसतो. ६४-बिट लिनक्सवरच्या जीलिबसी या सीच्या लायब्ररीत तुम्ही १३ बाइट मागितले तरी ३२ खर्ची पडतात. त्याहून लहान तुकडा ती लायब्ररी पाडतच नाही. २५ मागितले तर ४८ जातात: आकाराची नोंद ठेवायला ८ बाइट, झाले ३३, आणि मग १६च्या पुढच्या पटीपर्यंत वर.

बंपमध्ये यातलं काही नाही. एकच मोठा ब्लॉक घ्यायचा, समजा ६४ केबीचा, म्हणजे ६५,५३६ बाइट. सोबत एकच आकडा: 'इथपर्यंत वापरून झालंय.' पहिल्यांदा १३ बाइट मागितले, शून्यापासून दिले, आकडा १३ वर आला. पुढची मागणी ८ बाइटच्या पूर्णांकाची. तो ८ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर बसायला हवा. १३ मध्ये ७ मिळवा, २० आले. त्यातले खालचे तीन बिट पुसा, १६ उरले. पूर्णांक १६ वर बसला, मधले ३ बाइट वाया गेले, आकडा २४ वर. एक बेरीज, एक मास्क, एक तुलना, काम संपलं. १३ बाइटच्या वस्तू अशा मांडत गेलात तर त्या ब्लॉकमध्ये ४,०९६ मावतात. तेवढ्याच वस्तूंना मॅलॉककडून १२८ केबी लागले असते, बरोबर दुप्पट.

चूक व्हायची जागा एकच, ती तुलनेत. 'आकडा अधिक मागणी, ही बेरीज ब्लॉकच्या आकाराहून मोठी आहे का' असं लिहिलंत आणि मागणी अवाढव्य निघाली, तर बेरीज उलटून पुन्हा लहान होते आणि जागा नसताना 'आहे' असं उत्तर मिळतं. 'मागणी उरलेल्या जागेपेक्षा मोठी आहे का' असं विचारा. वजाबाकी इथे उलटत नाही, कारण आकडा कधीच ब्लॉकच्या पुढे गेलेला नसतो.

बंपबद्दल सांगण्यासारखं जवळजवळ एवढंच. ओढूनताणून अजून चार वाक्यं होतील: जावाच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये प्रत्येक थ्रेडला (प्रोग्राममधल्या समांतर चालणाऱ्या धाग्याला) मिळणाऱ्या छोट्या बफरमध्ये नव्या वस्तू अशाच आकडा सरकवत मांडल्या जातात, आणि एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पात तर याच नावाचा एक क्लास आहे. पण जावाच्या त्या वस्तू पुढे गार्बेज कलेक्टर (नको झालेल्या वस्तू शोधून मेमरी परत घेणारा भाग) उचलतो, एलएलव्हीएमच्या वस्तू ॲलोकेटरसोबत जातात. म्हणजे बंप ही फक्त *देण्याची* रीत झाली. परत कसं घ्यायचं यावर तिचं काहीच म्हणणं नाही. असल्या रीतीला 'मेमरी वाटप' या लेखात एक सणसणीत परिच्छेद पुरतो.

अरीना सुरू होतो तो परत घेण्यापासून. त्याचा नियम असा: सुटी वस्तू परत करता येत नाही, ज्यांचं आयुष्य एकत्र संपणार आहे त्या वस्तू एका अरीनात ठेवायच्या आणि शेवटी अख्खा अरीना रिकामा करायचा. गणपतीतला मंडपवाला आठवा. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तो एकेक बांबू मोजून पावती फाडत नाही, टेम्पो लावून सगळा मंडप एकदम उतरवतो. मात्र मंडळाने मधल्या काळात एखादा बांबू दुसऱ्याच कामाला लावला असेल, तर त्याच दिवशी ते काम कोसळतं. अरीनाचे फायदे आणि अपघात दोन्ही यात आले.

प्रत्यक्षात हा नियम कुठे दिसतो? एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये प्रत्येक रिक्वेस्टला स्वतःचा पूल मिळतो, सुरुवातीला ४ केबीचा. रिक्वेस्ट संपली की पूल जातो. पोस्टग्रेस हा डेटाबेसही बराचसा याच विचारावर उभा आहे, जरी त्यात सुटी वस्तूही परत करता येते. तिथे मेमरी कॉन्टेक्स्टचं, म्हणजे अरीनासारख्या गटांचं, झाड असतं. फांदी तोडली की तिच्यावरची पानं आपोआप जातात. क्वेरी चालताना एका ओळीपुरता लागणारा कॉन्टेक्स्ट पुढच्या ओळीआधी रिकामा होतो, त्यामुळे कोटभर ओळींच्या टेबलावरून गेलं तरी तात्पुरत्या कचऱ्याचा ढीग साचत नाही. सी++ने २०१७च्या प्रमाणकात 'मोनोटॉनिक बफर रिसोर्स' आणला. त्याच्याकडे वस्तू परत द्यायला गेलात तर तो शांतपणे काहीच करत नाही. गो भाषेच्या १.२० आवृत्तीत, फेब्रुवारी २०२३ मध्ये, अरीना प्रायोगिक म्हणून आला, पण प्रस्ताव पुढे अनिश्चित काळासाठी थांबवला गेला.

चांगला लेख लिहायचा तर खरा भर अरीना कुठे फसतो यावर हवा, आणि ते सांगण्यात उपलब्ध लिखाण फार कंजूष आहे. म्हणून थोडं सविस्तर.

सगळ्यात नेहमीची चूक आयुष्यांची सरमिसळ. रिक्वेस्टच्या अरीनात बनवलेली स्ट्रिंग कुणीतरी ग्लोबल कॅशमध्ये टाकतं. रिक्वेस्ट संपते, अरीना रिकामा होतो, कॅशमधला पॉइंटर मात्र तिथेच बोट दाखवत बसतो. पुढच्या रिक्वेस्टने त्याच जागी स्वतःचा मजकूर लिहिला की एका ग्राहकाचं नाव दुसऱ्याच्या पानावर उमटतं. मॅलॉकवर अशी चूक ॲड्रेस सॅनिटायझर हे मेमरीच्या चुका शोधणारं साधन पकडतं. अरीनात पकडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तो ६४ केबीचा ब्लॉक अजून जिवंतच आहे. उपाय असा: अरीना रिसेट करताना ती जागा सॅनिटायझरच्या मॅक्रोने 'विषारी' म्हणून खुणावायची, आणि वस्तू देताना तेवढ्याच भागाची खूण काढायची. दोन ओळींचं काम आहे, पण बहुतेक घरगुती अरीनांमध्ये ते नसतं.

दुसरी चूक वाढत्या ॲरेची. १ केबीचा ॲरे भरला की २ केबी, मग ४, ८, १६, ३२. मॅलॉकमध्ये जुने तुकडे परत जातात. अरीनात १, २, ४, ८ आणि १६ मिळून ३१ केबी तसेच पडून राहतात, म्हणजे जेवढा ॲरे जवळपास तेवढाच कचरा. ॲरे हीच अरीनातली शेवटची वस्तू असेल तर तिला जागेवरच वाढवता येतं. तेवढी एक तपासणी घातली की बरीच बचत होते.

तिसरी चूक सी++वाल्यांची: अरीना रिकामा करताना डिस्ट्रक्टर (वस्तू संपताना आवराआवर करणारी फंक्शनं) चालत नाहीत. वस्तूकडे नुसती मेमरी असेल तर बिघडत नाही. तिने फाइल उघडून ठेवली असेल तर ती उघडीच राहते, आणि काही तासांनी सर्व्हर 'खूप फाइल उघड्या आहेत' म्हणून नव्या फाइली नाकारतो. एनजिनएक्सने यासाठी पूलसोबत सफाईची फंक्शनं नोंदवायची सोय ठेवली आहे.

आणि गळती. अरीनात गळती होत नाही असं सर्रास लिहिलं जातं. कधीच रिसेट न होणारा अरीना म्हणजे गळतीच. फक्त व्हॅलग्रिंड हा गळती शोधणारा प्रोग्राम तिला गळती म्हणत नाही, 'अजून पोहोचता येण्याजोगी' मेमरी म्हणून बाजूला ठेवतो आणि बघणारा निश्चिंत होतो.

हे झालं विषयाच्या वजनाबद्दल. पण विश्वकोशाची कसोटी उपयुक्ततेची नसतेच. विकिपीडियावर तिला उल्लेखनीयता म्हणतात: विषयाबद्दल स्वतंत्र, विश्वासार्ह आणि पुरेसं सविस्तर लिखाण दुसरीकडे झालेलं आहे का? लायब्ररीचं स्वतःचं रीडमी यात धरत नाहीत, गिटहबवरचे तारेही नाहीत. गेम बनवणाऱ्यांचे ब्लॉग खूप वाचले जातात, पण ते स्वप्रकाशित. जाणकाराच्या ब्लॉगमधून एखादी तांत्रिक बाब उद्धृत करता येते. लेख असावा की नसावा या वादात त्याचं वजन पडत नाही. ही कसोटी प्रोग्रामरांना हटकून अन्यायाची वाटते. मला ती योग्य वाटते, कारण ती नसती तर प्रत्येक लायब्ररीच्या प्रत्येक क्लासला एकेक लेख मिळाला असता.

अरीना या कसोटीला आरामात उतरतो. डग्लस रॉस यांनी १९६७ मध्ये एईडी प्रणालीच्या मेमरीबद्दल शोधनिबंध लिहिला. तिथे मेमरीचे 'झोन' होते आणि अख्खा झोन मोकळा करता येत असे. १९९० मध्ये डेव्हिड हॅन्सन यांनी वस्तूंच्या आयुष्यावर आधारलेल्या जलद वाटपावर निबंध लिहिला. मॅड्स टॉफ्टे आणि ज्याँ-पिएर तालपँ यांनी १९९४ मध्ये दाखवलं की कुठली वस्तू कुठल्या रिजनमध्ये टाकायची हे कंपायलरला स्वतःच ठरवता येतं. (संशोधक 'रिजन' म्हणतात, कामावरचे 'अरीना', एनजिनएक्सवाले 'पूल'. मूळ कल्पना एकच.)

माझ्या मते सर्वात मोलाचा संदर्भ मात्र २००२चा, एमरी बर्गर, बेंजामिन झॉर्न आणि कॅथरिन मॅकिन्ले यांचा. हातचे ॲलोकेटर लिहून खरंच वेग मिळतो का, हे त्यांनी आठ प्रोग्रामांवर तपासलं. सहांमध्ये डग ली यांचा सर्वसाधारण ॲलोकेटर हातच्या ॲलोकेटरइतकाच किंवा त्याहून सरस ठरला. उरलेले दोन रिजन वापरणारे होते, आणि तिथे सुधारणा ४४ टक्क्यांपर्यंत गेली. त्याच निबंधात हेही दाखवलं आहे की सुटी वस्तू मोकळी करता येत नसल्याने रिजनमध्ये मेमरीचा खप बराच वाढू शकतो. कौतुक आणि तक्रार एकाच तिऱ्हाईत स्रोतात मिळणं याहून लेख लिहिणाऱ्याला काय हवं? बंपबद्दल असा निबंध दाखवा, मी माझं मत बदलेन.

स्वतंत्र लेख नकोत म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र रास्त आहे. ते म्हणतात, सुटे लेख शिळे होतात आणि कुणी बघत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या स्लॅब ॲलोकेटरचंच घ्या. जेफ बॉनविक यांनी १९९४ मध्ये सोलारिससाठी मांडलेल्या स्लॅब ॲलोकेटरला स्वतंत्र लेख मिळणं योग्यच. पण लिनक्समध्ये स्लॅब, स्लब आणि स्लॉब असे तीन पर्याय आहेत, हे वाक्य आजही ठिकठिकाणी सापडतं. स्लॉब २०२३ मध्ये ६.४ आवृत्तीत काढला, जुना स्लॅब २०२४ मध्ये ६.८ मध्ये. आता उरलाय एकटा स्लब. तरीही यावरचा उपाय लेख उडवणं हा नाही. आवृत्तीला बांधलेली विधानं लेखात कमी ठेवायची आणि जी ठेवायची ती वर्षासकट लिहायची.

स्वतंत्र लेखाच्या बाजूने अजून एक कारण आहे, आणि मला ते सगळ्यात पटतं: नावाचा घोळ. जीलिबसीच्या मॅलॉकमध्येही 'अरीना' आहे, पण तो वेगळाच प्राणी. थ्रेडांनी एकाच कुलपाशी गर्दी करू नये म्हणून मॅलॉक स्वतःचे अनेक हिस्से करतो, त्यातल्या प्रत्येकाला तिथे अरीना म्हणतात. ६४-बिट मशीनवर त्यांची कमाल संख्या कोअरच्या आठपट असते, आणि मुख्य अरीना सोडून बाकीच्यांचे हीप ६४ एमबीच्या आभासी पट्ट्यांत राखले जातात. त्यात सुट्या वस्तू खुशाल परत करता येतात, म्हणजे आपल्या अरीनाच्या नेमकं उलट.

आता गोरेगावच्या एखाद्या ऑफिसात रात्रपाळीला बसलेला सपोर्टवाला डोळ्यासमोर आणा. सर्व्हरवरच्या जावा प्रोसेसची मेमरी फुगलेली, पीमॅप या मेमरीचा नकाशा दाखवणाऱ्या कमांडमध्ये ६४ एमबीच्या पट्ट्यांची रांग दिसते. कुणीतरी सांगतं, 'मॅलॉक-अरीना-मॅक्स हा व्हेरिएबल २ कर.' तो 'अरीना' शोधतो आणि त्याला वाचायला मिळतं की अरीना एकदम रिकामा केला जातो. मग तो साहजिकच हे कधी रिकामे होतील याची वाट पाहत बसतो. ते होणार नसतात. त्या व्हेरिएबलने अरीनांची संख्याच मर्यादित होते, आणि तीही प्रोसेस पुन्हा सुरू केल्यावर. या माणसासाठी निःसंदिग्धीकरणाचं (एकाच नावाचे वेगवेगळे विषय दाखवणारं) पान हवं आणि लेखाच्या डोक्यावर एका ओळीची टीप हवी. परिच्छेदाच्या डोक्यावर अशी टीप लावता येते, पण शोधणारा तिथवर पोहोचतच नाही.

मराठीत प्रश्न जरा वेगळा वळतो. मुंबई विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टिम्समध्ये मेमरी वाटपाच्या फर्स्ट फिट, बेस्ट फिट, वर्स्ट फिट या रीती सगळे घोकतात, व्हायव्हात हमखास विचारतात. अरीना बहुतेकांना भेटतो तो नोकरीला लागल्यावर, दुसऱ्याच्या कोडमध्ये. म्हणजे मराठी वाचकाला गरज आहे. पण 'मेमरी वाटप' हा मूळ लेखच लंगडा असताना त्याच्या फांदीवर लेख लिहिला, तर त्यातले निम्मे दुवे लाल (पानच नसलेले) राहतात आणि तो अनाथ पडतो. छापील विश्वकोशाच्या परंपरेत हे आपोआप सांभाळलं जायचं. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली निघाला, तेव्हा पानं मोजकी होती आणि कुठली नोंद स्वतंत्र, कुठली दुसरीच्या पोटात, हे छापण्याआधी ठरवावंच लागे. विकिपीडियावर पानांना तोटा नाही, म्हणून हा विचार लिहिणाऱ्याने करायचा.

माझा क्रम असा असेल. आधी 'मेमरी वाटप' हा पाया पक्का करायचा: स्टॅक, हीप, तुकडेबाजी (फ्रॅगमेंटेशन), आणि बंपचा तो परिच्छेद. हे साधारण हजार शब्दांचं काम आहे. शीर्षकात 'स्मृती' की 'मेमरी' यावर चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या चर्चापानावर, वाद होईल. परिभाषेच्या दृष्टीने 'स्मृती' शुद्ध, हे मान्य. पण 'स्मृती' शोधणाऱ्याला आधी मनुस्मृती भेटते आणि मग स्मृती मानधना. शीर्षक 'मेमरी' ठेवा, पहिल्या वाक्यात 'स्मृती' द्या आणि 'स्मृतिवाटप' इकडे पुनर्निर्देशित करा, म्हणजे दोन्हीकडचे लोक येतील.

मग अरीना, स्वतःच्या धूळपाटीवर (कच्च्या लिखाणाच्या पानावर). इंग्रजी लेख भाषांतराच्या साधनात टाकून 'प्रकाशित करा' दाबण्याचा मोह आवरा. यंत्र 'रिजन'चं 'प्रदेश' करतं आणि 'फ्री'चं 'मोफत', मग वाक्य होतं 'प्रदेश मोफत केला जातो', आणि वाचणाऱ्याला वाटतं सिडकोची जाहिरात आहे. इंग्रजीतून काही उचललंच तर संपादन सारांशात मूळ लेखाचा दुवा द्या. परवान्याची ती अट आहे. कॉलेजच्या नोट्समधून उतरवलेला मजकूर मात्र कितीही चांगला असला तरी प्रताधिकाराच्या कारणाने उडणार.

पहिलं वाक्य व्याख्येचं हवं आणि त्यात आयुष्याचा मुद्दा यायलाच हवा. मी असं लिहीन: 'अरीना ही मेमरी व्यवस्थापनाची अशी पद्धत आहे जिच्यात एकाच वेळी निरुपयोगी होणाऱ्या वस्तू एका गटात ठेवून त्यांची मेमरी एकत्रच परत केली जाते.' वेगाबद्दल इथे अवाक्षर नको. वेग पुढे, बर्गर यांच्या आकड्यांसोबत. कोड द्यायचाच तर दहा-पंधरा ओळी, त्याहून जास्त झाला की लेखाचं पाठ्यपुस्तक होतं आणि कुणीतरी तशा सूचनेचा साचा लावून जातं.

'अरेना' आणि 'एरिना' या दोन्ही लेखनांवरून पुनर्निर्देशनं करा, कारण लोक तिन्ही लिहितात. विकिडेटावर दुवा जोडताना 'रिजन'वर आधारलेल्या मेमरी व्यवस्थापनाची नोंद शोधा. नुसतं 'अरीना' शोधलंत तर क्रीडागारांच्या यादीत जाऊन पडाल. आणि 'बंप ॲलोकेटर' हे नाव मूळ लेखाच्या त्या परिच्छेदाकडे वळवताना नुसत्या मथळ्यावर भिस्त ठेवू नका. उद्या कुणी मथळ्यात शुद्धलेखनाची एक वेलांटी दुरुस्त केली की दुवा मुकाट लेखाच्या माथ्यावर नेऊन सोडतो आणि कुणालाच कळत नाही. परिच्छेदाच्या सुरुवातीला नांगराचा (अँकर) साचा, म्हणजे दुव्याला धरायला कायमची खूण, टाकून ठेवा, मग मथळा कितीदाही बदलला तरी वाचक बंपपाशीच उतरतो.